मूळचं कुठं लिवून ठेवलंयस?

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमाराला नुब्राहून फोन आला. सुभेदार साहेबांचा. लडाख स्काउट्समधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण फोनवरचा आवाज अजून परेडला उभं असल्यासारखा. नुब्राच्या फोनचा क्रम ठरलेला असतो. आधी 'जुले', मग थंडी, मग तब्येत, मग जर्दाळूचं पीक, आणि मुद्द्याची गोष्ट फोन ठेवता ठेवता. तशीच ती आली. धाकट्या मुलाने पिकअप घेतली आहे. तुमच्याकडे होती तीच, ऑटोमॅटिक. लेहमधला एक पोरगा म्हणतो की इंजिनाला एक डबा बसवला की गाडी खार्दुंगला हसत चढेल. दुसरा म्हणतो, डबा नको, मोबाइलसारखं हातात धरायचं मशीन येतं अमेरिकेहून, ते मागवा. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही सुधारतात.

"साब, कौन सा ठीक रहेगा? आप तो जानते हो."

'आप तो जानते हो' हे ते सरळपणे म्हणाले. हा माणूस टोमणे मारत नाही. पण ते ऐकून मला दोन मिनिटं काही सुचेना. का, ते पुढे येईलच.

त्यांना उत्तर दहा मिनिटांत दिलं. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण या ब्लॉगच्या वाचकांपैकीही काही जणांनी हाच प्रश्न मेलवर विचारला आहे. निवृत्तीच्या पैशांतून पिकअप घेणारे फौजी वाढलेत. आणि पिकअप घेतली की महिनाभरात कोणीतरी भेटतोच, 'सर, ह्यात अजून ताकद दडलेली आहे' म्हणणारा.

आधी थोडं मागे जातो. आमच्या आबांचं गॅरेज कराडजवळ, पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेला. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रकवाले येऊन म्हणायचे, "मिस्त्री, पंप वाढवून द्या." डिझेल पंपावर जास्तीत जास्त डिझेल किती जावं हे ठरवणारा एक स्क्रू असतो. त्याला तार ओवून शिशाचं सील मारलेलं असतं. सील तोडायचं, स्क्रू पाव आटा किंवा अर्धा आटा फिरवायचा, की भरलेली गाडी चढाला वेगळीच वाटायची. धूरही वेगळाच निघायचा. आबा हे काम करायचे. नाही म्हणायचे नाहीत; पोट होतं. पण त्यांच्याकडे लाल कापडी पाठीची एक लांबट वही होती. गाडीचा नंबर, तारीख, स्क्रूची मूळची खूण कुठे होती, किती फिरवला, आणि शेवटी मालकाची सही. सही नाही तर काम नाही. एखादा ट्रक पिस्टन जाळून परत आला की वही उघडायची आणि स्क्रू मूळ खुणेवर न्यायचा. त्या वयात मला ते हिशेबाच्या वहीसारखंच वाटायचं.

पुढे मी एनडीएत गेलो, मग ईएमईत आलो. तिथे तेच सील पुन्हा भेटलं. शक्तिमानचा पंप वर्कशॉपमध्ये टेस्ट बेंचवर लावून सील झाला की त्याला हात लावणारा गुन्हेगार. एखाद्या ड्रायव्हरने सील तोडलेलं सापडलं असतं तर मी त्याला विनाचौकशी मार्चअप केलं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता पंपावर स्क्रू नाही. कॉमन रेल इंजिनात किती डिझेल, किती दाबाने, कधी, टर्बोने किती हवा कोंबायची, हे सगळं ईसीयूमधल्या आकड्यांच्या तक्त्यांत असतं. ऑटोमॅटिक असेल तर गिअर कधी बदलायचा, क्लचांवर तेलाचा दाब किती, टॉर्क कन्व्हर्टर कधी लॉक करायचा, याचे तक्ते वेगळे. 'ट्यूनिंग' म्हणजे हे आकडे बदलणं, किंवा ईसीयूला फसवणं. बाजारात चार गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात स्वस्त पेडल बॉक्स. ॲक्सिलरेटरच्या वायरीत बसतो. तुम्ही पाव पेडल दाबलंत की गाडीला सांगतो, अर्धं दाबलं. ताकद कणभरही वाढत नाही, पण पहिल्या दिवशी मालक खूश असतो. फसवणूक म्हणायची तर निरुपद्रवी.

मग पिगीबॅक, म्हणजे सुभेदार साहेबांचा 'डबा'. हा रेल प्रेशरच्या सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीयूशी खोटं बोलतो: दाब कमी पडतोय. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, डिझेल जास्त जातं. याची एक गोष्ट मला मनापासून आवडते: दहा मिनिटांत काढता येतो. न आवडणारी गोष्ट अशी की डबा बसला की ईसीयूचे सगळे निर्णय खोट्या रिपोर्टवर चालतात. खोट्या रिपोर्टवर चाललेल्या ऑपरेशनचं काय होतं, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको.

तिसरा रिमॅप. दुकानदार लॅपटॉप लावून तुमच्या ईसीयूमधली फाइल वाचतो, बदलतो, परत लिहितो. आणि चौथं हँडहेल्ड. काम रिमॅपचंच, पण यंत्र तुमच्या हातात. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये केबल लावायची. ते गाडीचा व्हीआयएन नंबर वाचतं, मूळ फाइल आपल्या पोटात जपून ठेवतं, आणि नवीन लिहितं. एका गाडीला लावलं की तिचंच होऊन बसतं. तिला मूळ स्थितीत आणल्याशिवाय दुसऱ्या गाडीला लागत नाही. एससीटी, डायब्लोस्पोर्ट, सुपरचिप्स, बुली डॉग, हायपरटेक, एज ही यातली अमेरिकन नावं. फोर्ड, जीएम आणि रॅम यांच्या पिकअप हा त्यांचा खरा बाजार. भारतातल्या व्ही-क्रॉसला लागणारं यांतलं एकही मला सापडलं नाही, त्यामुळे लेहच्या दुसऱ्या पोरग्याचा सल्ला तिथेच संपला. गाडीच्या यादीत नाव नसलेलं हँडहेल्ड म्हणजे दुसऱ्याच्या घराची किल्ली.

आता माझी गोष्ट.

लेहच्या दुसऱ्या पोस्टिंगवर माझ्याकडे इसुझुची व्ही-क्रॉस होती, बीएस-६ची, १.९ लिटर, १६३ अश्वशक्ती, ३६० न्यूटन मीटर, सहा गिअरची ऑटोमॅटिक. चांगली गाडी. पण लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमीच. खार्दुंगलाच्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलंय, प्रत्यक्षात तो साडेसतरा हजारांच्या आसपास आहे (पाटीसमोर फोटो काढणाऱ्याला हे सांगू नये), आणि तिथे हवा जवळपास निम्मी. गाडीला धाप लागणारच. मला मात्र तो गाडीचा दोष वाटायला लागला होता.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये रजेवरून परत जाताना उत्तरेतल्या एका मोठ्या शहरात मी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही रिमॅप करून घेतले. दुकान चकाचक, डायनोचा रंगीत कागद हातात. मूळ फाइल मागितली तर मालक म्हणाला, "सर, सेफ है हमारे पास. कल मेल कर देंगे." मी, ईएमईचा अधिकारी, ज्याने आयुष्यभर पंपांची सीलं तपासली, 'बरं' म्हणून निघालो. आणि खरं सांगायचं तर झोजीला चढताना मी त्या माणसाला दुवा देत होतो. गाडी अशी गेली की शेजारच्या सीटवरची बॅग मागे दाबली गेली. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला असं काही वाटावं याची लाजही वाटली नाही.

कंपनीचा ईसीयू उंचीवर डिझेल मुद्दाम कमी करतो. विरळ हवेत तेवढाच बूस्ट आणायचा तर टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. डिझेल जास्त आणि हवा कमी झाली की एक्झॉस्ट तापतो आणि काजळी वाढते. त्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि त्याचे तक्ते असतात. ट्यूनवाला ज्याला 'दडलेली ताकद' म्हणतो ती बऱ्याचदा हीच: कोणीतरी विचार करून हातची राखलेली. सपाटीवरच्या शहरात, डायनोवर, तिचा उपयोग दिसत नाही. माझ्या फाइलमध्ये यातलं नेमकं काय बदललं होतं, हे मला आजही माहीत नाही.

नोव्हेंबर संपत आला. सकाळी उणे बारा. लडाखसाठी २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल मिळतं, त्यामुळे गाडी सुरू व्हायची. पण माझं चालवणं म्हणजे मेस ते ऑफिस, ऑफिस ते मेस. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ असतो, काजळी अडवणारी गाळणी. गाडी बराच वेळ गरम चालली की ही काजळी आपोआप जळून जाते. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की ती साठत राहते. त्यात माझं इंजिन रिमॅपमुळे जास्त धूर करत होतं, हे मी आरशात पाहत होतो आणि पाहिलं नाही असं स्वतःला सांगत होतो.

एका रविवारी नुब्रात सुभेदार साहेबांकडे जेवायला गेलो. माझ्या पहिल्या लेह पोस्टिंगपासूनची ओळख. परतताना खालसरजवळ डीपीएफचा दिवा लागला, तेवढ्यात त्यांचा फोन. आमा-लेंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, पोटात सकाळपासून दुखत होतं. माझ्यासमोर त्या बोलल्या नव्हत्या. पाहुण्याला वाढायचं होतं ना. आता सहन होईना. डॉक्टरांनी लेहला न्यायला सांगितलं होतं आणि अँब्युलन्स आधीच दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. मी गाडी वळवली. दिव्याचं मनात आलं, पण म्हटलं घाटात इंजिन तापेल, काजळी जळून जाईल. असा विचार करायला लागतं ते सगळं शिक्षण माझ्याकडे होतं.

खार्दुंग गाव गेलं. नॉर्थ पुल्लू गेलं. पुढे चार-पाच किलोमीटरवर, दोन्ही बाजूला बर्फ, संध्याकाळचे पाच, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा. ईसीयूने इंजिन वाचवण्यासाठी लिम्प मोड लावला होता. सपाटीवर लिम्प मोड म्हणजे हळूहळू घरी जाता येतं. पण निम्म्या हवेत, टर्बोची धड मदत नसताना, १.९ लिटरचं इंजिन जेमतेम एक लिटरच्या लायकीचं उरतं. दोन टनांची गाडी, तीन माणसं, चढ. गिअरबॉक्स दुसऱ्या आणि पहिल्यामध्ये हेलपाटे घालत होता, कारण त्याच्या नव्या तक्त्यांत इतकं दुबळं इंजिन कोणी धरलेलंच नव्हतं. मग गाडी थांबली. मागच्या सीटवर आमा-ले सुभेदार साहेबांच्या खांद्यावर डोकं ठेवून होत्या. त्यांनी डोळे उघडून विचारलं नाही की का थांबलो.

हँडहेल्ड असतं तर मी तिथेच इंजिन बंद करून मूळ फाइल परत लिहिली असती. त्याने भरलेली गाळणी रिकामी झाली नसती हे खरं. सगळा दोष ट्यूनचा होता असंही मी शपथेवर सांगणार नाही. लेहच्या हिवाळ्यात मूळ गाड्यांचेही डीपीएफ भरतात. पण महिनाभर आधी, पहिल्यांदा धूर दिसला तेव्हाच, मेससमोर उभं राहून मी ती फाइल परत लिहू शकलो असतो. माझ्याकडे मात्र त्या दुकानदाराचा 'कल' होता. पाच आठवडे झाले होते त्या 'कल'ला.

वीस मिनिटांनी खालून रिकामी स्टॅलिअन आली. ड्रायव्हर निघाला बीडचा. माझं मराठी ऐकून आधी त्याने कडक सॅल्यूट ठोकला, मग परिस्थिती पाहिली. "साहेब, ह्यांना मी नेतो. तुम्ही?" मी म्हटलं, मी गाडीपाशी थांबतो. आमा-लेंना केबिनमध्ये चढवताना सुभेदार साहेब एकच बोलले, "साब, हीटर चालू रखना." नवऱ्याने बायकोला दवाखान्यात नेताना मागे राहिलेल्या माणसाची काळजी करावी, तीही मी अडकवलं असताना. रात्री साडेनऊला रिकव्हरी आली. कुणाची गाडी ओढून आणतोय हे पाहून आमच्याच पोरांनी चेहरे अगदी कोरे ठेवले होते, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आमा-लेंचं अपेंडिक्स होतं. त्याच रात्री लेहला ऑपरेशन झालं, सगळं ठीक झालं.

दुसऱ्या दिवशी आबांना फोन केला. सगळं सांगितलं, डायनोसकट. ते ऐकून घेतात, मध्ये बोलत नाहीत. शेवटी म्हणाले, "ते सगळं ऱ्हाऊ दे. मूळचं कुठं लिवून ठेवलंयस?"

त्या दुकानाची फाइल कधीच आली नाही. गाळणी लेहमधल्या एका मेकॅनिकने स्कॅनर लावून जाळून दिली. उन्हाळ्यात खाली उतरल्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घेतलं आणि वॉरंटीबद्दलचं भाषण मान खाली घालून ऐकलं. ते भाषण बरोबरच होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. अपघात झाला तर विमेवाला हा कागद आधी काढेल.

यावर एखादा वाचक म्हणेल की वाईट रिमॅप मिळाला म्हणून सगळ्या ट्यूनिंगला नावं ठेवू नका. मान्य. म्हणूनच २०२४ मध्ये टेक्सासची गोष्ट घडली ती सांगतो.

माझा एक कोर्समेट फौज सोडून तिकडे स्थायिक झाला आहे. खडकवासल्याला असताना आमच्या अख्ख्या स्क्वाड्रनच्या सायकली हा दुरुस्त करायचा, कारण पंक्चर सायकल खांद्यावर घेऊन पळण्यापेक्षा ते सोपं होतं. परदेशी जायची परवानगी व्हिसापेक्षा उशिरा मिळाली, पण मी पंधरा दिवस गेलो. त्याच्याकडे २०१३ ची फोर्ड एफ-१५०, साडेतीन लिटरचं इकोबूस्ट पेट्रोल, ३६५ अश्वशक्ती, सहा गिअर. आणि कपाटात दोन हँडहेल्ड. कंपन्यांची नावं सांगत नाही, जाहिरात किंवा बदनामी दोन्ही नको. एक बटणांचं, दुसरं टच स्क्रीनचं. तीन दिवस आम्ही तेच केलं. वहिनींनी पहिल्या दिवशी लिंबू सरबत आणून दिलं. तिसऱ्या दिवशी नुसतंच खिडकीतून पाहिलं.

लिहिण्याची पद्धत दोघांची सारखी. इग्निशन चालू, इंजिन बंद, पंखा बंद, मोबाइलचा चार्जर काढलेला, बॅटरीला बाहेरून चार्जर लावलेला. लिहिताना मध्येच बॅटरी बसली तर ईसीयू कायमचा मुका होऊ शकतो. कोर्समेट या वेळी दारही उघडू देत नाही, आतला दिवा लागतो म्हणून.

टच स्क्रीनवाल्यात तयार ट्यून भरलेले: ८७ ऑक्टेनचा, ९१ चा, ओढायचा. इथे एक सावधगिरी. त्यांचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो. आपल्या पद्धतीने मोजलेलं ९१ ऑक्टेन म्हणजे त्यांचं साधारण ८७. तिकडची कोणतीही आकडेवारी इकडे जशीच्या तशी लावू नका. बटणवाल्याची खासियत म्हणजे ट्यून करणारा तुमच्या गाडीचा डेटा बघून खास फाइल मेलवर पाठवतो. ती लॅपटॉपवरून यंत्रात भरायची. कागदावर हे श्रेष्ठ. रिकामी गाडी दोन्हींनी बदलून गेली, हे नाकारणार नाही. इतक्या वर्षांची मैत्री असलेला माणूस शेजारी बसून ओरडत होता.

पण मग आम्ही मागे बोट जोडली आणि ऑस्टिनच्या पश्चिमेच्या टेकड्यांत गेलो. ऊन अडतीस-एकोणचाळीसचं. हँडहेल्डच्या पडद्यावर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दिसतं, आणि माझ्या मते या यंत्राचं हेच सगळ्यात मोलाचं काम. मूळ सेटिंगवर चढाला २०० फॅरनहाइटच्या आसपास. जोरदार ट्यूनवर तोच चढ, तेच ओझं, आणि काटा २२५ च्या पुढे जायला लागला तेव्हा मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. मग ओढायचा ट्यून लावला. पळण्यात मूळ गाडीपेक्षा फारसा फरक नाही, पण गिअरबॉक्सचं वागणं सुधारलं. चौथ्या-पाचव्यात हेलपाटे बंद, कन्व्हर्टर लवकर लॉक, उतारावर गिअर धरून ठेवणं. नवा ट्यून लिहिल्यावर गिअरबॉक्सचं आधीचं शिकलेलं पुसलं जातं, म्हणून पहिले काही मैल तो झटके देतो; एका चाचणीवरून मत बनवू नये. शिवाय मोठे टायर टाकले की स्पीडोमीटर चुकतो, तो दुरुस्त करायची सोय दोन्हींत आहे, आणि ती तर निखळ कामाची.

माझं मत असं झालं की पिकअप ओझ्यासाठी घेतली असेल तर इंजिनाच्या ट्यूनपेक्षा गिअरबॉक्सचा ट्यून जास्त उपयोगाचा, आणि दोन यंत्रांत मी टच स्क्रीनवालं घेईन. त्याची फाइल दुसऱ्याइतकी बारीक विणलेली नाही. पण रस्त्याच्या कडेला, लॅपटॉप नसताना, तीनदा बोट लावलं की गाडी जशी होती तशी. कोर्समेट म्हणाला, "तू म्हातारा झालास." असेन.

त्याच्या शेजाऱ्याची डिझेल पिकअप मात्र मी पाहून घेतली आणि चाललो. डीपीएफच काढून टाकलेला, त्याला तिकडे 'डिलीट' म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोव्हेंबर २०२० च्या अहवालात म्हटलं होतं की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण-यंत्रणा अशी काढली गेली. त्या गाडीची मूळ फाइल कुठे आहे, असं मी शेजाऱ्याला विचारलं. तो हसला.

तर सुभेदार साहेबांना मी काय सांगितलं? मुलाला म्हणावं, काही लावू नकोस. टायर चांगले घे, एअर फिल्टर बदल, गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदल, आठवड्यातून एकदा गाडी लांब, गरम चालव, गाळणीचा दिवा लागला तर त्याच दिवशी बघ. घाट चढताना गाडी हळू चालली तर तिला हळू चालू दे. आणि तरीही पोरगं ऐकत नसेल, तर दुकानात जाऊन पहिली गोष्ट विचार: मूळ फाइल माझ्या हातात आज देणार का? उद्या म्हणाला तर उठून ये.

ते सगळं 'जी साब, जी साब' करत ऐकत होते. मग म्हणाले, "एक बात और. आमा-ले हमेशा पूछती है. उस दिन आपकी गाडी बाद में चली थी ना? हमने आपको ठंड में अकेला छोड दिया था."

मला वाटत होतं की त्या दिवसाचं ओझं माझ्याकडे आहे.

या आठवड्यात चार दिवसांची रजा काढून जबलपूरहून कराडला आलोय. गॅरेज आता बंद आहे, पण वही आबांनी माडीवर ठेवली आहे. शेवटची नोंद बऱ्याच वर्षांपूर्वीची, एका उसाच्या ट्रकची, पाव आटा. त्यांना सुभेदार साहेबांचा फोन सांगितला, तर म्हणाले, "तुझ्या गाडीची नोंद राहिलीया की." मी हसलो, पण ते पेन शोधायला लागले होते. म्हणून लिहिली. गाडीचा नंबर, ऑक्टोबर २०२२. 'किती फिरवला' पाशी मी थांबलो.

"आबा, ह्याला आटे नसतात. आकडे असतात, हजारो."

"किती बदलले?"

"माहीत नाही."

"मग तसं लिव."

लिहिलं. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली, बोट पानावरून शेवटपर्यंत नेलं आणि म्हणाले, मालकाची सही राहिली.

मी सही केली.